रस्ट ब्लूइंगआधी नळी आरशासारखी चमकवू नका

जुन्या बंदुकीच्या ब्लूइंगबद्दल, म्हणजे नळीच्या पोलादावर निळसर-काळा थर चढवण्याबद्दल, एक सल्ला सगळीकडे फिरतो आहे: "नळी बफवर (चमकवायच्या फिरत्या चाकावर) आरशासारखी चमकवा, हायड्रोक्लोरिक अॅसिडने जुना रंग उतरवा, पेट्रोलने पुसा आणि द्रावण लावा. राहिलेले खड्डे गंजाखाली झाकले जातात." यातली प्रत्येक पायरी चुकीची आहे, आणि जुन्या इंग्रजी बाराबोर दुनळीची तर त्याने कायमची हानी होते.

आधी चमक. रस्ट ब्लूइंगमध्ये द्रावण लावून मुद्दाम बारीक, एकसारखा गंज धरवतात, नळी पाण्यात उकळून त्या तांबड्या गंजाचं काळं मॅग्नेटाइट (लोखंडाचा काळा ऑक्साइड) करतात, सुटी भुकटी मऊ तारेच्या ब्रशने झाडतात आणि हे सहा-आठ वेळा करतात. गंजाला धरायला बारीक रेघा लागतात. आरशासारख्या नळीवर द्रावणाचे थेंब होतात आणि रंग ठिपक्याठिपक्यांचा येतो. १८०, २४०, ३२० असे पॉलिशपेपर वापरा. ४००च्या पुढे जाऊच नका. कागदामागे लाकडी ठोकळा किंवा जुनी कानस धरा, नुसत्या बोटांनी घासलं की लाटा पडतात. एका नंबरला आडवं आणि पुढच्याला उभं घासलं की आधीच्या रेघा उरल्यात का ते लगेच कळतं. शेवटचा हात नळीच्या लांबीने फिरवा. बफ स्क्रूच्या भोकांच्या कडा खोलगट करतो, कोपरे गोल करतो, प्रूफचे (नळीची चाचणी झाल्याचे) शिक्के पुसट करतो. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ८ नुसार ओळखचिन्हं पुसायला मनाईच आहे.

अॅसिडचं नुकसान उशिरा दिसतं. दोन्ही नळ्या आणि मधली पट्टी शिसे-कथिलाने झाळलेली असते. सांध्यात शिरलेलं अॅसिडमधलं क्लोराइड पूर्ण धुऊन निघत नाही आणि पुढे पट्टीखालून गंज फुटतो. (कॉस्टिक सोड्याच्या गरम द्रावणातलं ब्लूइंगही याच झाळणीला खातं, म्हणून तर दुनळीला रस्ट ब्लूइंग करतात.) जुना रंग पांढऱ्या व्हिनेगरच्या बोळ्याने उतरतो. नंतर धुण्याच्या सोड्याच्या पाण्याने आणि मग गरम पाण्याने धुवा.

पेट्रोल उडून गेलं तरी तेलकट अंश मागे राहतो. आधी नळीच्या आतलं तेल काढा, नाहीतर उकळताना ते बाहेर येऊन डाग पाडतं. बोळा स्वच्छ निघेपर्यंत अॅसिटोनने पुसा, मग लिटरला ३० ग्रॅम धुण्याचा सोडा घालून दहा मिनिटं उकळा आणि स्वच्छ पाण्याने धुवा. पाण्याचा पापुद्रा अखंड राहिला तर नळी तयार. तो फाटून थेंब झाले तर पुन्हा उकळा. यापुढे हातमोजे घालूनच हात लावा. भुकटी झाडायला ब्रशऐवजी स्टील वूल वापरणार असाल तर तीही अॅसिटोनने धुवा, कारण कारखान्यातून ती बहुधा तेल लागूनच येते.

राहिले खड्डे. ब्लूइंगचा थर इतका पातळ असतो की त्याखाली खड्डा झाकत नाही, उलट काळ्या रंगावर तो जास्त उठून दिसतो. उथळ खड्डे कानशीने काढता येतात. पण दुनळीच्या नळीची भिंत पुढच्या निम्म्या भागात एक मिलिमीटरपेक्षाही पातळ असू शकते. जाडी गेजने मोजल्याशिवाय कानस लावू नका, आणि भिंत पातळ निघाली तर खड्डा आहे तसा राहू द्या.