उंदराला एमआरआय कशाला, कॅलिपर आहे ना?

सध्या एक मेसेज फिरतोय, की लॅबमधल्या उंदरांच्या ट्यूमरचा एमआरआय काढणं म्हणजे नुसती उधळपट्टी, गाठ कॅलिपरनी, म्हणजे दोन जबड्यांत धरून मोजायच्या पट्टीनी, मोजता येते, नाहीतर शेवटी उंदीर कापून बघता येतं, वर त्या रेडिएशननी गाठ वाढते आणि सगळे आकडे खोटे येतात. मी रोज हेच काम करतो म्हणून लिहितोय.

आधी रेडिएशनचं उरकतो. ते एक्स-रे आणि सीटीत असतं, एमआरआयमध्ये चुंबक आणि रेडिओ लहरी असतात. उलट छोट्या प्राण्याचा सीटी परत परत काढला तर डोस साठत जातो आणि त्याचा ट्यूमरवर परिणाम होऊ शकतो, म्हणजे मेसेजवाल्यानं मशीनच चुकीचं पकडलंय.

कॅलिपरचं म्हणणं अर्धं खरं आहे. गाठ कातडीखाली असेल तर लांबी गुणिले रुंदीचा वर्ग भागिले दोन, झालं काम, तरी त्यात कातडीची जाडी येतेच आणि कोण किती दाबून मोजतं त्यावर आकडा हलतो. पण ग्लायोमा, म्हणजे मेंदूतली गाठ, कवटीच्या आत असतो, लिव्हरमधली गाठ पोटात, तिथे कॅलिपर कुठे लावणार? उंदराचा मेंदू जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा, एवढं बारीक दिसायला चुंबक जोरदार हवं, म्हणून तर ७ किंवा ९.४ टेस्लाची (टेस्ला म्हणजे चुंबकाची ताकद मोजायचं एकक) मशीन लागतात, दवाखान्यातली सहसा १.५ किंवा ३ ची असते.

आता कापून बघण्याचं, मला खरा राग याचा येतो. पाच वेगवेगळ्या दिवशी गाठ केवढी होती हे हवं असेल आणि दर वेळी आठ उंदीर मारले तर चाळीस जातात, एमआरआयमध्ये तेच आठ पाचही वेळा दिसतात, आणि गाठ कोणाची वाढली कोणाची थांबली हे एकाच जनावरात कळतं. रसेल आणि बर्च या दोन शास्त्रज्ञांनी १९५९ मध्येच प्राणी कमी वापरा असं मांडलं होतं. शिवाय डिफ्यूजन स्कॅनमध्ये, म्हणजे टिश्यूतलं पाणी कसं फिरतं ते दाखवणाऱ्या एमआरआयमध्ये, पेशी मरायला लागल्या की पाणी मोकळं फिरताना दिसतं, बरेचदा गाठ आकसायच्या आधीच. मायक्रोस्कोप तरी लागतोच हां, अगदी बारीक मेटास्टॅसिस, म्हणजे दुसरीकडे पसरलेल्या गाठी, एमआरआयमध्ये सुटू शकतात.

खर्चाचं मात्र कबूल, मशीन महाग आहे आणि काम किचकट. आयसोफ्ल्युरेन हा भुलीचा वायू देऊन उंदराला झोपवायचं, बेशुद्धीत डोळे उघडेच राहतात म्हणून मलम लावायचं, कानातला धातूचा टॅग काढायचा, अंग पटकन गार पडतं म्हणून गरम हवा सोडायची, आणि पोटाखालच्या छोट्या उशीवरून श्वास बघत बसायचं, कारण श्वासाबरोबर लिव्हर हलतं आणि इमेज पुसट येते.

आणि गंमत म्हणजे १९७१ मध्ये दमादियान या संशोधकांनी ट्यूमरच्या टिश्यूचा सिग्नल निरोगी टिश्यूपेक्षा वेगळा येतो हे दाखवलं तेव्हा एमआरआयची इमेज हा प्रकारच नव्हता, लॉटरबर या दुसऱ्या शास्त्रज्ञानी ती १९७३ मध्ये छापली. दमादियान यांनी तपासलेला तो टिश्यू उंदरांचाच होता, मोठ्या जातीच्या, रॅटच्या.