पट्टीनं दुखणं थांबलं, हाडाला मात्र कळलंच नाही

प्लासिबो म्हणजे ज्यात खरं औषध नाही, पण आहे या विश्वासानंच गुण येतो, असा उपचार. त्याला 'नुसते मनाचे खेळ' म्हणून उडवून लावणाऱ्यांशी माझं पटत नाही. तो परिणाम खरा असतो. 2006 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सायकलपटूंना कॅफीन दिल्याचं सांगितलं. गोळीत कॅफीन नव्हतंच. मोठा डोस मिळालाय या समजुतीनं त्यांची ताकद जवळपास 3 टक्क्यांनी वाढली. ही गोळी खोटी आहे असं वाटलं, तेव्हा ताकद नेहमीपेक्षाही घसरली. शर्यतीत 3 टक्के म्हणजे पहिला आणि शेवटचा यांतलं अंतर!

दुखणंही तसंच. आपल्याला औषध मिळालंय या विश्वासानं मेंदू स्वतःची वेदनाशामक रसायनं सोडतो. नालोक्झोन हे त्या रसायनांचा परिणाम रोखणारं औषध देऊन ती अडवली की हा परिणाम बराच ओसरतो, हे 1978 पासून माहीत आहे.

मग 2016 च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यांवर कपिंगचे, म्हणजे कातडी ओढून धरणारे पेले लावण्याच्या उपचाराचे, जांभळे गोल दिसले, त्यात बिघडलं काय? त्याला बरं वाटत असेल तर वाटू दे. ते डाग म्हणजे कातडीखाली फुटलेल्या बारीक रक्तवाहिन्या, शरीरातून 'बाहेर पडलेलं विष' नव्हे, एवढं मात्र स्पष्ट सांगायला हवं. हातातल्या 'पॉवर बॅलन्स' पट्ट्यांच्या, ताकद आणि तोल वाढवण्याच्या दाव्यांना विश्वासार्ह शास्त्रीय पुरावा नाही, हे ऑस्ट्रेलियात त्या कंपनीनंच कबूल केलं होतं. तोवर कितीतरी खेळाडूंच्या मनगटावर त्या चढल्या होत्या.

माझा राग वेगळ्याच गोष्टीवर आहे. धावायचे तेव्हा माझी नडगी दुखायला लागली. एकानं रंगीत पट्टी चिकटवली, 'स्नायू उचलला जातो, रक्त खेळतं' म्हणाला. दुसऱ्या दिवशी दुखणं निम्म्यावर आलं. मी आनंदानं तीन आठवडे धावले. चौथ्या आठवड्यात पाय टेकवेना. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे ताणानं हाडाला गेलेली बारीक चीर! पट्टीनं हाड सांधलं नव्हतं, हाडाची हाक तेवढी माझ्यापर्यंत पोहोचू दिली नव्हती. खेळाडूला दुखणं हाच तर इशारा असतो, आणि प्लासिबो नेमका तिथेच हात घालतो.

ताकदीसाठी विकल्या जाणाऱ्या 'नैसर्गिक' पुड्यांचं तर आणखी वाईट. त्यांत बंदी असलेलं द्रव्य मिसळलेलं निघालं, तर नियमाप्रमाणे जबाबदार खेळाडूच. विकणारा नामानिराळा.

आता मी मुलींना धावायला शिकवते. कुणी हट्ट धरला तर पट्टी लावूनही देते, पण 'हिनं बरं वाटेल, बरं होणार नाही' असं सांगूनच. आणि त्याआधी नडगीवर बोटानं दाबत जाते. एकाच जागी कळ आली, तर त्या दिवशी पट्टी नाही आणि धावणंही नाही.