बायको आहे ना तिथे?

आज दुपारी आमच्या लाइनवरच्या एका पोराने रजा मागितली. चार वर्षांचा मुलगा, डेंग्यू, सकाळीच ॲडमिट केलाय. साहेबांनी मान वर न करता विचारलं, "बायको आहे ना तिथे? मग तू जाऊन काय करणार?" पोरगा गप्प. नवीन आहे, अजून कायम झालेला नाही, बोलणार काय? मला जे बोलायचं ते मी तिथेच बोललो, पण घरी आलो तरी डोकं शांत होईना. म्हणून लिहितोय. लांबेल. वाचा, नाहीतर सोडा.

तू जाऊन काय करणार म्हणे!

२० नोव्हेंबर २०२४. विधानसभेचं मतदान. मला सुट्टी. ही जिल्हा परिषदेची शिक्षिका, त्यामुळे निवडणुकीच्या ड्युटीवर, आदल्या दिवशीच मशीन घेऊन गेलेली. फोन लागायचा प्रश्नच नव्हता. पोरगी अडीच वर्षांची. दुपारपासून अंग कोमट होतं, संध्याकाळी एकदम ताप चढला. मांडीवर घेऊन बसलो होतो आणि ती ताठ झाली. डोळे वर, दातखीळ, हातपाय झडायला लागले. शेजारच्या काकू फोडलेला कांदा घेऊन धावत आल्या. मागून कोणी चप्पल आणली हुंगवायला, कोणी दातात घालायला चमचा. मला फक्त कंपनीच्या सेफ्टी ट्रेनिंगमधलं आठवत होतं: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा. तीन मिनिटं चाललं. ती तीन मिनिटं कशी गेली ते मला लिहिता येणार नाही. (काकूंवर राग नाही. नंतर रोज डबा त्यांच्याच घरून यायचा.)

हॉस्पिटलच्या काउंटरवर पहिला प्रश्न, "आई कुठंय?" कॅज्युअल्टीत सिस्टर, "आईला बोलवा, बाळ सुई लावू देत नाहीये." अहो, ती बाळ माझ्या शर्टाची कॉलर मुठीत धरून होती! सुई शेवटी माझ्याच मांडीवर लागली. जन्माचं वजन किती, कुठली लस राहिलीय, कुठलं औषध ओकून टाकते, मला सगळं पाठ. मी सांगायचो, ते लिहून घ्यायचे आणि वर, "मॅडम आल्या की कन्फर्म करू."

डॉक्टर मात्र भला माणूस. सहा महिने ते पाच वर्षं या वयात तापात असे झटके येतात, बहुतेक पोरांना पुढे काही होत नाही, पण साधारण तिघांत एकाला परत येऊ शकतो, आणि पाच मिनिटांच्या वर गेला तर वाट बघत बसायचं नाही, हे त्याने माझ्याकडे बघून सांगितलं. माझ्याकडे! एक्स-रेमध्ये न्यूमोनिया निघाला म्हणून मुक्काम वाढला.

रात्री फर्मान आलं, "जेन्ट्सना वॉर्डात थांबता येणार नाही." बरं, मान्य. बाकीच्या आया तिथे पाजतात, झोपतात, परका पुरुष नकोसा वाटणारच. पण मग एक पडदा लावा ना! एवढ्या बिलात पडदा बसत नाही? शेवटी दाराजवळच्या खुर्चीवर बसू दिलं, मेहेरबानी केल्यासारखं.

ही मशीन जमा करून रात्री दोनच्या पुढे थेट तिथेच आली. पायात त्राण नव्हतं. सिस्टरचं पहिलं वाक्य, "एवढा ताप होता आणि तुम्ही घरी नव्हता?"

म्हणजे बघा. जो हजर होता तो धरायचाच नाही, आणि जी सरकारी हुकमाने लांब होती तिलाच झापायचं. साहेबांचं आजचं वाक्य आणि त्या सिस्टरचं वाक्य एकच आहे. सिस्टरला तरी मी माफ केलंय, डबल ड्युटी करत होती बिचारी.

कागदावरही तेच. राज्य सरकारने २०१८ मध्ये बाल संगोपन रजा आणली, १८० दिवस. हिला मिळते, चांगलंच आहे. पुरुषाला कधी? बायको हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळली असेल तर. धडधाकट बायको असली की बाप सुटला. आमच्या खासगीत तर तेवढंही नाही. ईएसआयचा, म्हणजे कामगार विम्याचा, आजारपणाचा लाभ घ्यायचा तर आजारी आपण स्वतः पडायला हवं.

हो, प्रॉडक्शनचं टार्गेट असतं, माणसं कमी आहेत, साहेबांनाही वरून कोणी विचारतं. माहीत आहे. पुढे.

पहाटे नेब्युलायझर लावायचा तर पोरगी मास्क भिरकावून द्यायची. हिच्याकडे घेईना, सिस्टरकडे घेईना. मी नाकाला वाटी लावून हत्तीसारखा आवाज काढला तेव्हा हसली आणि मास्क लावू दिला. मग प्रत्येक वेळी हत्ती. शेजारच्या खाटेवरचा मुलगाही हत्ती मागायला लागला. त्याची आजी म्हणाली, "आमच्या जावयाला पण आत सोडायला सांगा की!" बाप जाऊन हे करतो, साहेब.

त्या पोराचा आत्ता फोन आला होता. मुलाचा ताप उतरलाय म्हणून खूश आहे. मी म्हटलं, बाबा, डेंग्यूत ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवसच जास्त जपायचे असतात. पोट दुखतंय का, उलट्या होतात का, लघवी नीट होतेय का, हिरड्यांतून रक्त येतंय का, बघत राहा आणि डॉक्टरला लगेच सांग. पपईच्या पानाचा रस घेऊन कोणी आलं तर गोड बोलून परत पाठव. आणि बायकोला झोपू दे, कालपासून बसूनच आहे ती.

साहेब माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. वाचतील. वाचू देत.

उद्याची त्याची सेकंड शिफ्ट मी करतोय. परवाची कोण घेतंय ते कमेंटमध्ये नको, मला फोन करा.