जैसलमेरचा कॅम्प ठरवताना एसी सोडून बाकीचं विचारा

दसरा जवळ आला की आमच्या बेळगावात टिळकवाडी-अनगोळकडं राजस्थानचे बेत शिजायला लागतात. मग ओळखीपाळखीतून फोन येतात, "जैसलमेरला कुठला कॅम्प चांगला, सांग की." मी विचारते, तिथं तुम्हाला बघायचंय काय? "वाळवंट, आणि काय!" आणि त्याच दमात, "तंबूत एसी आहे काय? संडास आतच आहे काय?"

संडासाचा प्रश्न रास्त आहे, त्यावर पुढं येते. पण डिसेंबरात थरच्या वाळवंटात एसी? तिथं त्या दिवसांत रात्री पारा सात-आठ अंशांवर येतो, कधी त्याच्याही खाली. कोरडी हवा, डोक्यावर ढग नाही, सूर्य गेला की वाळूतली उष्णता बघता बघता आभाळात निघून जाते. दुपारी अर्ध्या बाह्यांचा शर्ट आणि रात्री दोन रजया. आपल्या खानापूरच्या थंडीवर त्या थंडीचा हिशेब करू नका. कॅम्पवाल्याला एसी नाही, रजया किती देतो ते विचारा.

माझं म्हणणं एवढंच की तिकडं तुम्ही रात्री कुठं झोपता यावर तुम्हाला काय दिसणार ते ठरतं. आपल्याकडचे बहुतेक लोक सम नावाच्या गावी कॅम्पात झोपतात, डीजेवर नाचतात, सकाळी उंटावर बसून फोटो काढतात आणि परत येतात. शेजारीच ३,१६२ चौरस किलोमीटरचं मरू राष्ट्रीय उद्यान आहे हे त्यांच्या गावीही नसतं. आपला अख्खा बेळगाव जिल्हा १३,४१५ चौरस किलोमीटर. म्हणजे जवळजवळ पाव जिल्ह्याएवढं उद्यान शेजारी पडलेलं असतं आणि आपण त्याच्या दारातल्या जत्रेतून परत फिरतो.

सम म्हणजे जैसलमेरपासून चाळीसेक किलोमीटरवरचं गाव. रस्त्यालगत वाळूच्या टेकड्या, आणि त्यांच्यासमोर तंबूंच्या रांगाच रांगा. प्रत्येक कॅम्पला मधे एक चौक, चौकात शेकोटी, शेकोटीभोवती गाद्या. संध्याकाळी कार्यक्रम. सुरुवातीला खरंच चांगलं असतं. मांगणियार लोककलाकार कमायचा (गजानं वाजवायचं तंतुवाद्य) आणि लाकडी खडताल घेऊन बसतात, कालबेलिया नाच होतो. हा नाच २०१० पासून युनेस्कोच्या यादीत आहे, त्यामुळं कॅम्पवाला ते माइकवर सांगतोच. पण मी टूरबरोबर गेले होते तेव्हा दोन गाणी झाली, बक्षिसी गोळा झाली आणि कमायचा वाजवणारे बाबा तो कापडात गुंडाळत असतानाच स्पीकर सुरू झाला. डाव्या कॅम्पचा डीजे वेगळा, उजव्याचा वेगळा, आणि आमचा तिसरा. आपली माणसं खूश होती हो, खोटं कशाला सांगू! आमच्या बसमधल्या निपाणीच्या काकी तर मनसोक्त नाचल्या. तसं नाचायला जायचं असेल तर सम उत्तम आहे, हा लेख तुमच्यासाठी नाही. पण नाचायला जगलबेट-दांडेलीचे रिसॉर्ट आहेत की! त्यासाठी दीड हजार किलोमीटर कशाला?

दुसरा पर्याय खुरी. जैसलमेरच्या नैऋत्येला, पन्नासएक किलोमीटर आत. इथंही वाळूच्या टेकड्या आहेत, पण गाव अजून गाव आहे. मातीच्या भिंतींच्या गोल झोपड्या, वर गवताचं छप्पर, शेणानं सारवलेली जमीन. घरातलीच बाई चुलीवर बाजरीची भाकरी थापते, बरोबर केर-सांगरी, म्हणजे तिकडच्या रानफळांची आणि शेंगांची भाजी. आमच्या जाऊबाई गोकाकच्या, बाजरीच्या भाकरीला नावं ठेवायला कायम तयार. त्यांनी तिथं नावं ठेवली नाहीत. इथं शेतकऱ्याच्या घरी राहता येतं, लहान कॅम्पही आहेत. दिवे कमी, स्पीकर बहुतेक ठिकाणी नाही. बहुतेक म्हणतेय, सगळीकडं नव्हे, म्हणून फोनवर विचारून घ्यायचंच. "म्युझिक आहे का" असं विचारू नका, तो हौसेनं "है ना साहब, फुल डीजे" म्हणेल. "रात्री दहानंतर स्पीकर आणि जनरेटर बंद असतो काय" असं विचारा. उत्तर द्यायला जो अडखळतो तो कॅम्प सोडा.

जनरेटरचं का म्हणते? माझी भाची कॅलिफोर्नियात असते. ती जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यानात तंबू टाकून राहून आली. तिथं कॅम्पग्राउंड म्हणजे खडकांच्या आडोशाला नंबर घातलेली मोकळी जागा, एक लाकडी टेबल, शेकोटीसाठी लोखंडी कडं. तंबू तुमचा, चूल तुमची, बहुतेक कॅम्पग्राउंडवर प्यायचं पाणीसुद्धा तुमचंच न्यायचं. ब्लॅक रॉक, कॉटनवुड अशा मोजक्या ठिकाणी नळ आहे. आणि रात्री दहा ते सकाळी सहा शांतता, जनरेटर दिवसातून ठरलेल्या काही तासांतच. तिनं हे सांगितलं तेव्हा आमच्या घरात सगळे हसले, "पैसे देऊन हाल!" मला मात्र त्यात गोम दिसली. तिकडं उद्यान आधी, मुक्काम नंतर. आपल्याकडं कॅम्प हे हॉटेल झालंय आणि उद्यान त्याच्या खिडकीबाहेरचं चित्र. आपण लगेच अमेरिकेसारखं दगडावर झोपावं असं नाही, माझे गुडघे तयार नाहीत. पण रात्रीच्या शांततेचा नियम पाळायला कुठल्या गुडघ्याचं काय बिघडतं?

आता उद्यानाबद्दल, कारण कॅम्प निवडायचा तो यासाठी. नाव राष्ट्रीय उद्यान, १९८० साली अधिसूचना निघाली ती अभयारण्याची, आणि आत गावं आणि ढाण्या म्हणजे वाड्या आहेत, शेळ्यामेंढ्या चरतात. आपल्या भीमगडासारखंच म्हणा, तिथंही आमगाव, गवाळी अभयारण्याच्या आतच आहेत की. फरक पावसाचा. आमगाव-कणकुंबीचा पाऊस आणि जैसलमेरचा पाऊस एका वहीत लिहू नये. तिथं वर्षभरात दोनशे मिलिमीटर पडला तर लोक खूश.

आणि उद्यान म्हणजे नुसती वाळू नव्हे. वाळूच्या टेकड्या काही भागात, बाकी खडकाळ माळ, सुकलेल्या तळ्यांचे पांढरे तळ, सेवण गवताची कुरणं. अथणी-रायबागकडचा उन्हाळ्यातला माळ डोळ्यांसमोर आणा आणि त्यातली बाभळ अजून निम्मी करा. या कुरणांत माळढोक आहे. मीटरभर उंच, नर पंधरा किलोपर्यंत, उडणाऱ्या पक्ष्यांमधला भारी गडी. आता जगात दीडशेच्या आतबाहेर उरलेत म्हणतात, आणि त्यातले बहुतेक याच जैसलमेर भागात. एकेकाळी हा आपल्या दख्खनच्या माळावरचाही पक्षी. सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी १९७९ साली अभयारण्य झालं, आपल्या कर्नाटकात बळ्ळारीच्या सिरुगुप्पाकडं अजून तुरळक दिसतो. सोलापूरला आपली निम्मी सोयरीक, पण लग्नाला गेलेल्यांपैकी नान्नजला कोण जातं?

माळढोकाचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, समोरचं कमी दिसतं. अंग जड, ऐनवेळी वळता येत नाही. मग विजेच्या तारांना धडकतो. जैसलमेरच्या आजूबाजूला पवनचक्क्या आणि सोलरचे पट्टे उभे राहिलेत, त्यांच्या तारा याच पट्ट्यातून जातात. २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टानं तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं, २०२४ मध्ये तो आदेश बदलून तज्ज्ञांची समिती नेमली. दुसरीकडं समजवळच सरकारनं पैदास केंद्र काढलंय, तिथं माळरानातली अंडी आणून पिलं वाढवली जातात, २०२४ मध्ये कृत्रिम रेतनातूनही पिलू जन्मलं. म्हणजे एका बाजूला तीन डीजे आणि त्यापासून जवळच अंडी उबवायचं यंत्र. आपला देश!

माळढोक बघायचा तर उद्यानातल्या सुदासरी इथल्या कुंपणबंद भागात जावं लागतं, वनखात्याचा परवाना काढून, पहाटे. तिथं वनखात्याच्या झोपड्याही आहेत. मिळाल्या तर तिसरा पर्याय हाच, आणि माझ्या मते पहिला. सोयी बेताच्या, जेवण साधं, चैन शून्य. बुकिंगला जैसलमेरच्या वनखात्याच्या कार्यालयात आधीच बोलावं लागतं, थोडी चिकाटी लागते. सरकारी कचेरीत चिकाटी कशी धरायची हे आम्हा सीमाभागातल्यांना शिकवायला नको. पहाटे दारातून बाहेर पडलं की समोर चिंकारा. समला राहून पहाटे इथं पोचायचं म्हणजे तीनला उठा, ड्रायव्हरला उठवा, तो चारला उठणार, आणि तुम्ही पोचेपर्यंत पक्षी गवतात गडप. आम्ही गेलो तेव्हा माळढोक दिसला, लांब, दुर्बिणीतून, मान ताठ करून चालणारा. जाऊबाई म्हणाल्या, "बँकेच्या मॅनेजरसारखा चालतोय." दिसेलच अशी खात्री कुणी देत असेल तर त्याला पैसे देऊ नका.

जीपमधून टेकड्यांवर उड्या मारायचं पॅकेज देणाऱ्या कॅम्पवर मी फुली मारते. वाळूत सांड्याची (हा जाडजूड शेपटीचा सरडा) बिळं असतात, झुडपं वर्षानुवर्षं मुळं धरून बसलेली असतात, ती चाकाखाली जातात. शिवाय पाठीचा मणका आपलाच असतो.

आता संडास. तंबूला जोडलेला संडास असतो हल्ली सगळीकडं. पण पाणी कुठून येतं विचारा. बऱ्याच कॅम्पांवर टँकर येतो. आपण राकसकोप-हिडकलच्या पाण्यावर वाढलो, तरी बेळगावात नळाची वाट बघायची सवय आहेच. तिथल्या गावांत बाया अजून टांक्यातलं, म्हणजे पावसाचं साठवलेलं पाणी भरतात. अशा गावाशेजारी स्विमिंग पूल असलेला कॅम्प मी घेणार नाही, फुकट दिला तरी. गरम पाणी बादलीभर मिळतं, तेवढं पुरतं.

जागा बघताना आणखी एक. दोन टेकड्यांच्या मधल्या खोलगट भागात तंबू असेल तर रात्री थंड हवा तिथंच उतरून बसते. टेकडीच्या अगदी माथ्यावर वारा झोपू देत नाही. थोडा चढ, मागं आडोसा, ती जागा बरी. आणि बूट घालताना झटकून घाला. विंचू आहेत, आणि आपलं फुरसंही तिकडं आहे. पावसाळ्यात रत्नागिरी-सिंधुदुर्गकडं ज्याची धास्ती असते तेच. रात्री वाळूत अनवाणी फिरायची हौस टॉर्च घेऊन करा.

पावसाळ्यातली स्वस्त ऑफर दिसली तर भुलू नका. वाळवंटात पूर येत नाही असं वाटतं ना? २००६ च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या बाडमेर जिल्ह्यात कवास गाव पाण्याखाली गेलं होतं. खाली जिप्समचा थर, पाणी मुरलंच नाही, कित्येक दिवस तसंच साठून राहिलं. ऑक्टोबर शेवट ते मार्च सुरुवात, बास.

तारे बघायचे असतील तर अमावस्येच्या आसपासची तारीख घ्या. डिसेंबरात मृग, व्याध, कृत्तिका इतके ठळक दिसतात की पंचांग बघणाऱ्या माणसाला रडू यावं. मोबाईलवर फिरतो तो आकाशगंगेचा झगझगीत पट्टा मात्र थंडीत रात्री दिसत नाही. त्याचा ठळक भाग ऑक्टोबरात संध्याकाळी थोडा वेळ, किंवा फेब्रुवारीच्या शेवटाला पहाटे. कॅम्पवाल्याशी त्यावरून भांडू नका.

बरोबर म्हातारी माणसं असतील तर माझं स्पष्ट मत, त्यांना तंबूत नेऊ नका. आमच्या सासूबाईंना आम्ही जैसलमेर गावातच हवेलीतल्या खोलीत ठेवलं, दिवसा अकलला नेलं. सतरा किलोमीटरवर अठरा कोटी वर्षांपूर्वीची झाडं दगड होऊन पडलीत, बसून बघता येतात. त्या म्हणाल्या, "मेली लाकडंच की." पण अर्धा तास बघत बसल्या.

जायला बेंगळूरू-जोधपूर गाडी आपल्या बेळगाववरूनच जाते, रोज नाही, म्हणून वार बघून बेत करा. जोधपूरहून पुढं पाऊणेतीनशे किलोमीटर, रेल्वेनं किंवा गाडीनं. फेब्रुवारीत जाणार असाल तर माघ पौर्णिमा टाळा, तेव्हा मरू महोत्सव असतो, समला पाय ठेवायला जागा नसते आणि खुरीतल्या खोल्याही आधीच गेलेल्या असतात. त्याच्या पुढच्या आठवड्यात गर्दी ओसरते, भाव खाली येतात, आणि चंद्रही उशिरा उगवतो.