‘बघच तू!’ म्हणणाऱ्यांनो...

फोंड्यात हल्ली कुणी ‘जेवलास का’ विचारत नाही, ‘ती सिरीज बघितलीस का’ विचारतात. नाही म्हटलं की समोरच्याचा चेहरा असा पडतो, जणू मी त्याच्या मुलीच्या लग्नाला गेलोच नव्हतो.

बरं, कुठे बघायची? ‘जिओसिनेमावर.’ अहो काका, फेब्रुवारी २०२५ मध्येच ते आणि हॉटस्टार एक होऊन जिओहॉटस्टार झालं! सिरीजचं नाव? ‘तो रे, दाढीवाला आहे ना, त्याची.’ वर आणखी, ‘पहिले चार भाग सहन कर, मग पकड घेते.’ चार भाग म्हणजे तीन-साडेतीन तास! आमच्या देवळाच्या उत्सवातलं संगीत नाटक नांदीपासूनच पकड घेतं.

सगळ्यात डोक्यात जाते ती शिफारस म्हणजे ‘अरे, आपल्या गोव्यातली आहे, बघच!’ बघतो. ड्रोनमधून दिसणारा समुद्र, मांडवीतली कॅसिनोची बोट, हणजुणेची पार्टी, एक प्रेत आणि सदा झिंगलेला, ‘क्या मॅन’ करणारा एखादा पेद्रू. डिचोली, सत्तरी, काणकोण कुठे गेले? इथे कुणी शेती करत नाही? मराठी बोलत नाही? सकाळी कदंबाची बस पकडून कामाला जात नाही? (पाऊससुद्धा नाही हो! गोव्यात, जुलैत, आणि पाऊस नाही.)

एवढं बोललो की उत्तर ठरलेलं: ‘तू फार खोलात शिरतोस रे. शेवट तर बघ, खुनी तो इन्स्पेक्टरच निघतो!’

झालं. आता काय बघू, कपाळ?