मोर्चे काढून काय मिळतं, याचा हिशेब

कुठलंही मोठं आंदोलन झालं की एक मेसेज फिरायला लागतो. शब्द थोडेफार बदलतात, मुद्दे तेच असतात. रस्त्यावर उतरून आजवर कुणाला काही मिळालेलं नाही. गिरणी संपाचं काय झालं ते आठवा. लोकशाहीत मत दिलंय ना, नाही पटलं तर पाच वर्षांनी सरकार बदला. मोर्च्याचा त्रास फक्त सामान्य माणसाला होतो. गर्दी आणलेली असते, मागे पक्ष असतात. आणि शेवटी हातात पडतं ते आश्वासन, पुढे काही होत नाही.

हा मेसेज पुढे ढकलणारी माणसं काही दुष्ट नसतात. बरीचशी दिवसभर कामाने दमलेली, कुठल्यातरी बंदमध्ये एकदा अडकलेली असतात. पण हाच मेसेज गावातल्या त्या माणसापर्यंतही पोचतो, जो उद्या तहसीलवर जायचं की नाही या विचारात असतो. म्हणून त्याला मुद्द्यागणिक उत्तर देणं मला गरजेचं वाटतं.

"रस्त्यावर उतरून आजवर काही मिळालेलं नाही."

पनवेल-उरणकडे कुणालाही विचारा, "साडेबारा टक्के म्हणजे काय?" नवी मुंबईसाठी १९७० पासून ९५ गावांच्या जमिनी घ्यायला सुरुवात झाली. कायदा १८९४ चा, इंग्रजांचा. सरकारने 'सार्वजनिक प्रयोजन' असं लिहिलं आणि मोबदला ठरवला की शेतकऱ्याचा विषय संपला. जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी कामगार पक्षाचे (शेकाप) नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली आगरी-कोळी-कराडी शेतकरी उभे राहिले. १६ आणि १७ जानेवारीला जासई आणि पागोटे परिसरात पोलिसांनी गोळीबार केला, पाच जण गेले. त्या लढ्यातून जी योजना आली तिचं म्हणणं असं, की संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड मूळ मालकाला परत द्यायचा. त्या वेळचा संपादनाचा कायदा असलं काहीही द्यायला सरकारला बांधत नव्हता.

आता तारखा बघा. गोळीबार १९८४ चा, योजनेचा शासन निर्णय १९९० चा. मधल्या सहा वर्षांत कधीही हिशेब मांडला असता तर उत्तर "पाच माणसं गेली, हाती शून्य" असंच आलं असतं. मेसेज लिहिणारे नेमके त्या मधल्या वर्षांतच हिशेब बंद करतात. योजनेची अंमलबजावणी रखडली, दलालांनी हात धुऊन घेतले, अनेकांचे भूखंड वर्षानुवर्षे अडकले, हे सगळं खरं आहे. पण ज्या हक्काची अंमलबजावणी रखडली म्हणून आपण ओरडतो, तो हक्क मुळात आला कुठून?

दुसरं उदाहरण मेसेज वाचणाऱ्याच्याच पगारपत्रकावर आहे. महिन्याला २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापले जातात तो व्यवसाय कर. १९७२ च्या दुष्काळात लोक खडी फोडायला बसले, १९७३ च्या उन्हाळ्यात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. काम द्या, मजुरी वेळेवर द्या, दुष्काळ सरला म्हणून कामं बंद करू नका, यासाठी गावोगावचे मजूर मोर्चे घेऊन कचेऱ्यांवर जात होते. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्यासोबत बायका लाटणी घेऊन महागाईविरुद्ध रस्त्यावर होत्या. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांची रोजगार हमीची कल्पना त्याआधीची, १९६५ मध्ये तासगाव तालुक्यात तिचा प्रयोगही झाला होता. पण एका तालुक्यातला प्रयोग राज्यभर पोचला तो दुष्काळ आणि लोकांचा रेटा एकत्र आल्यावर. १९७५ मध्ये व्यवसाय कर आला, तो या योजनेच्या खर्चासाठीच. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला. मागेल त्याला काम, नाही दिलं तर बेकारी भत्ता. २००५ मध्ये देशाने रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा डोळ्यासमोर महाराष्ट्राचंच उदाहरण होतं.

"गिरणी संप आठवा."

आठवतो. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुरू झालेला मुंबईतल्या कापड गिरण्यांचा तो संप रीतसर मागे घेतलाच गेला नाही. सुमारे अडीच लाख कामगार देशोधडीला लागले. संप फसला, यात दुमत नाही. मेसेजमधला हा सगळ्यात वजनदार मुद्दा आहे आणि तो उडवून लावणं हा त्या कामगारांचा अपमान होईल.

पण फसला का, हे त्या मेसेजमध्ये नसतं. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने गिरण्यांत वाटाघाटींचा अधिकार एकाच मान्यताप्राप्त संघटनेला दिला होता, राष्ट्रीय मिल मजदूर संघाला. कामगार एकीकडे आणि कागदावरचा त्यांचा प्रतिनिधी दुसरीकडे, अशी स्थिती. कापड तोवर भिवंडी-इचलकरंजीच्या यंत्रमागावर निघायला लागलं होतं. आणि गिरणीखालची जमीन गिरणीतल्या कापडापेक्षा महाग होत चालली होती. थोडक्यात, मालकांचं कामगारावाचून अडत नव्हतं. सरकार किंवा मालक झुकतात ते त्यांचं काहीतरी त्या लोकांवर अडून असतं तेव्हा: मतं, उत्पादन, प्रकल्पाची मुदत, अब्रू. नवी मुंबईत न्हावा-शेव्याचं बंदर अडलं होतं. परळ-लालबागमध्ये मालकांचं काही अडलं नव्हतं. या फरकातून शिकायचं ते एवढंच, की पुढच्या वेळी कुणाचं काय अडतंय ते आधी नीट बघायचं. घरी बसण्याचा सल्ला त्यातून निघत नाही.

आणि त्याच हरलेल्या कामगारांनी नंतर गिरण्यांच्या जमिनीवर घरं मागितली. त्यासाठी पुन्हा मोर्चे, धरणी, कोर्ट. २०१२ मध्ये म्हाडाने गिरणी कामगारांच्या घरांची पहिली सोडत काढली. अर्ज लाखाहून जास्त, घरं काही हजार. प्रमाण संतापजनक आहे. पण तेवढी घरंसुद्धा कुणी आपणहून दिलेली नाहीत.

"मत दिलं, काम झालं."

हा युक्तिवाद महाराष्ट्रात करणाऱ्याने १ मे ची सुट्टी घेऊ नये, असं मला मनापासून वाटतं. २१ नोव्हेंबर १९५५ ला फ्लोरा फाउंटनजवळ गोळीबार झाला, मुंबईसह मराठी राज्य मागणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र आंदोलनात एकूण शंभरावर माणसं मारली गेली, तरी १ नोव्हेंबर १९५६ ला आपल्या माथी मराठी आणि गुजराती प्रदेशांचं एकत्र द्वैभाषिक राज्य मारलं गेलंच. मग १९५७ ची निवडणूक आली. लोकांनी मत दिलं, आणि कसं दिलं! पश्चिम महाराष्ट्रात संयुक्त महाराष्ट्र समितीने काँग्रेसला धूळ चारली. पण द्वैभाषिक राज्याच्या विधानसभेत, विदर्भ आणि गुजरातच्या बळावर, बहुमत काँग्रेसचंच राहिलं. म्हणजे ज्यांच्या प्रदेशाचा प्रश्न होता त्यांनी मतपेटीतून स्पष्ट कौल दिला आणि सरकार तसंच राहिलं. त्यानंतर नोव्हेंबर १९५७ मध्ये पंडित नेहरू प्रतापगडावर शिवरायांच्या पुतळ्याच्या अनावरणाला आले तेव्हा समितीने घाटात दुतर्फा निदर्शनं केली. राज्य मिळालं १ मे १९६० ला. मतदान आणि रस्ता, दोन्ही लागले.

जे संख्येने थोडे आहेत त्यांचं तर मतावर भागूच शकत नाही. विधानसभेत २८८ जागा, त्यातल्या अनुसूचित जमातींसाठी राखीव २५. आदिवासींनी सगळ्या २५ जागांवर आपल्या मनासारखी माणसं निवडून दिली तरी वनजमिनीचा प्रश्न बहुमताने सुटणार नाही. घटनाकारांना हे कळत होतं. म्हणून मताधिकार देऊन ते थांबले नाहीत. शांततेने, शस्त्राविना एकत्र जमण्याचा हक्क त्यांनी अनुच्छेद १९ मध्ये वेगळा लिहून ठेवला.

"त्रास सामान्य माणसाला होतो."

होतो. रुग्णवाहिका अडवणारं, एसटी फोडणारं आंदोलन मला मान्य नाही आणि त्याचं समर्थन मी करणार नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २०२० मध्ये स्पष्ट केलंय, की निषेधाचा हक्क आहे, पण सार्वजनिक रस्ता बेमुदत अडवता येणार नाही.

पण मोर्चातला माणूसही सामान्यच असतो, हे मेसेज लिहिणारा विसरतो. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे १८० किलोमीटर चालत आलेले तीसेक हजार शेतकरी ११ तारखेला चुनाभट्टीच्या सोमय्या मैदानावर पोचले. दुसऱ्या दिवशी सकाळी दहावीचा पेपर होता. मुलांची वाट अडू नये म्हणून दिवसभर चालून आलेले ते लोक त्याच रात्री उठले आणि पहाटेपर्यंत आझाद मैदानावर जाऊन बसले. त्यांच्या तळपायांची सालटी निघाली होती. मुंबईकरांनी वाटेत पाणी, बिस्किटं, चपला दिल्या, तेही सामान्यच होते.

"मागे पक्ष असतात."

असतात, आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. २०१८ चा मोर्चा मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्षाशी जोडलेल्या किसान सभेचा होता, लाल टोप्या घालूनच निघाला होता. संयुक्त महाराष्ट्र समितीत आचार्य अत्रे, डांगे, एस. एम. जोशी अशी परस्परांशी न पटणाऱ्या विचारांची माणसं होती. दि. बा. पाटील शेकापचे. मागणी रास्त आहे की नाही हे टोपीच्या रंगावरून ठरवता येत नाही. ती मागणी वाचावी लागते.

आणि गर्दी नुसती आणलेलीच असती, तिचं काही वजनच नसतं, तर सत्तेने तिची इतकी काळजी का केली असती? वर्तमानपत्रात जिल्ह्याच्या पानावर दर थोड्या दिवसांनी एक छोटी बातमी येते: 'जिल्ह्यात कलम ३७ (१)(३) लागू'. महाराष्ट्र पोलीस अधिनियमातलं हे कलम, पाच किंवा जास्त माणसांनी परवानगीशिवाय जमायला बंदी. पंधरा दिवसांची मुदत संपली की बहुधा नवा आदेश निघतो. पूर्वी मुंबईत मोर्चा काळा घोड्यापर्यंत जायचा, आता आझाद मैदानाच्या कुंपणात थांबवला जातो. जे निरुपयोगी आहे त्याला कुणी एवढा बंदोबस्त लावत नाही.

"शेवटी आश्वासनच मिळतं."

इथे मेसेज अर्धा बरोबर आहे. मोर्च्याला त्या दिवशी मिळतं ते आश्वासनच. फार तर लेखी. खरी लढाई त्या कागदानंतरची.

२०१८ च्या त्या मोर्च्याची एक मुख्य मागणी वनहक्काची होती, म्हणजे कसत असलेली वनजमीन नावावर करून मिळण्याची. वनहक्काचा दावा म्हणजे काय ते एकदा जवळून बघा. २००६ च्या कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जमीन कसत असल्याचं दाखवावं लागतं, एकाहून जास्त पुरावे लागतात. आदिवासी कुटुंबाकडे सातबारा नसतोच. मग प्लॅस्टिकच्या पिशवीतून जुन्या पावत्या निघतात, 'अतिक्रमण' केलं म्हणून वनखात्याने वसूल केलेल्या दंडाच्या. ज्या पावतीने बापाला गुन्हेगार ठरवलं तीच मुलाचा पुरावा होते. तिच्याबरोबर गावातल्या म्हाताऱ्यांचे जबाब, ग्रामसभेचा ठराव. मग फाइल उपविभागीय समितीकडे, तिथून जिल्हा समितीकडे. कुठे त्रुटी म्हणून परत येते, कुठे चार एकर मागितले तर चार गुंठे मंजूर होतात.

१२ मार्च २०१८ ला सरकारने हे दावे सहा महिन्यांत निकाली काढायचं लेखी मान्य केलं. ते झालं नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये लोक पुन्हा निघाले, नाशिकजवळच सरकारने बोलणी करून नवं पत्र दिलं. मार्च २०२३ मध्ये दिंडोरीहून पुन्हा निघाले, या वेळी कांद्याचा भावही मागण्यांत होता. मोर्चा वाशिंदला थांबला, एका शेतकऱ्याचा तिथे मृत्यू झाला, आणि कांद्याचं जे अनुदान आधी क्विंटलला ३०० रुपये जाहीर झालं होतं ते ३५० वर गेलं. वनजमिनीचे दावे तेव्हाही यादीत होते. मधल्या काळात ज्यांचे दावे मंजूर झाले त्यांची नावं जमिनीच्या कागदावर लागली. ज्यांचे राहिले ते पिशवी सांभाळून आहेत, आणि पुढचा मोर्चा कधी निघणार हे आपल्या आधी त्यांना ठाऊक असेल.