१९९९ सालच्या डुकाट या डच सोन्याच्या नाण्याबद्दल दुकानाकडून उत्तर

नमस्कार सर, तुमचा एक स्टारचा रिव्ह्यू वाचला. दोन दिवस फोन उचलला गेला नाही त्याबद्दल मनापासून सॉरी, त्या आठवड्यात दुकानात मी एकटाच होतो.

पण 'भेसळीचं सोनं २४ कॅरेट सांगून गळ्यात मारलं' हे फार लागलं. सर, डच डुकाट २४ कॅरेटचं नसतंच हो. ते ९८३ चं, म्हणजे हजारात ९८३ भाग सोनं, असतं, म्हणजे जवळपास २३.६ कॅरेट, आणि पुण्याच्या तुमच्या सोनाराकडे तेवढंच निघालं, म्हणजे नाणं अस्सलच निघालं ना? तलवार आणि बाणांचा जुडगा घेतलेला तो चिलखतवाला १५८६ पासून डच डुकाटवर उभा आहे, मागच्या चौकटीत लॅटिनमध्ये 'साम्राज्याच्या कायद्याप्रमाणे' असं कोरलंय ते या शुद्धतेबद्दलच. आपल्याकडचा हॉलमार्क त्यावर कसा असेल, त्यावर उट्रेख्तच्या टांकसाळीची खूण आहे, दोन सापांची काठी, भिंगातून बघा. आणि किंमत छापलेली नाही कारण हे व्यापाराचं नाणं, ते वजनावर आणि शुद्धतेवर चालायचं.

वजन साडेतीन ग्रॅम मी तोंडी म्हणालो, ती चूक माझी, पण बिलावर ३.४९४ च आहे, परत एकदा बघा.

आता भावाचं. तुम्ही घेतलंत ते प्रूफ, म्हणजे जमवणाऱ्यांसाठी खास चकचकीत पाडलेलं नाणं, सीलबंद कॅप्सूल, बॉक्स, सर्टिफिकेटसकट, त्याचे पैसे सोन्यापेक्षा जास्त असतात हे मी काउंटरवर दोनदा सांगितलं होतं. कॅप्सूल फोडून ते कसोटीवर घासलं तुमच्या सोनाराने, तुमच्याच फोटोत कडेला घासल्याचं दिसतंय, मग पूर्ण पैसे मी कुठून परत देऊ? असं नाणं जमवणारा कुणी घेत नाही सर, मला ते वितळवायलाच द्यावं लागेल. बघून खरंच पोटात तुटलं.

तरी तुम्ही आणा, त्या दिवसाच्या भावाने ३.४३ ग्रॅम शुद्ध सोन्याचे पैसे देतो, कटिंग एक पैसा लावणार नाही. पुढे प्रत्येक नाण्यासोबत मराठीत माहितीचं कार्ड द्यायचं बघतोय, फोनचंही काहीतरी करतो. फक्त तो 'भेसळ' शब्द काढा, नेदरलँड्समधल्या अॅम्स्टलवेनमधली आपलीच माणसं हे वाचून दुकानात येतात, अकरा वर्षं झाली इथे. येताना बॉक्स आणि सर्टिफिकेट पण घेऊन या.